विष्णू दिगंबर पलुस्कर : गळ्यातले गाणे कागदावर ठेवणारे गुरुजी



नाशिकच्या पंचवटीत इंद्रकुंडाजवळ पलुस्कर सभागृह आहे. तुमच्यापैकी बरेच जण तिथे कधी ना कधी कार्यक्रमाला गेले असतील. पण हे पलुस्कर कोण, असे मुलांनी विचारले तर आपण बहुधा मोठे गायक होते एवढेच सांगतो आणि थांबतो. खरे तर पं. विष्णू दिगंबर पलुस्कर हे गायक होते तेवढेच शिक्षक होते. शिक्षक तयार करणारे शिक्षक होते. म्हणून त्यांचे चरित्र आपण डी.एड. झालेल्या मंडळींनी तर नक्कीच वाचायला हवे.

आज त्यांचे चरित्र सांगताना मी एक आजचा विषयही जोडणार आहे. आता अनेक शाळांत परिपाठासाठी कीबोर्ड आला आहे. त्यावर तयार केलेला आवाज, म्हणजे ज्याला पॅच म्हणतात तो, कायमचा कसा जपून ठेवायचा असे पालक आणि शिक्षक विचारतात. तुम्ही म्हणाल, पलुस्करांचा आणि सिंथेसायझरचा काय संबंध? संबंध आहे बरं का. एका जागी अडकलेले संगीत दुसऱ्या जागी सुरक्षित कसे न्यायचे, हाच दोन्हीकडचा प्रश्न आहे.

जन्म आणि बालपण

विष्णू दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. कुरुंदवाड हे तेव्हा पटवर्धनांचे छोटे संस्थान होते. आज ते कोल्हापूर जिल्ह्यात आहे. पलूस गावावरून घराण्याचे नाव पलुस्कर पडले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. त्यामुळे गाणे, अभंग, आख्यान हे सगळे मुलाच्या कानावर घरातच पडत होते.

कुरुंदवाडच्या जवळच नरसोबाची वाडी आहे. तिथल्या दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका उडून या मुलाच्या डोळ्यांना इजा झाली. जीव वाचला, पण नजर कायमची अधू झाली. शाळा सुटली. उपचारासाठी त्याला मिरजेला नेले. डोळे पूर्ववत होणार नाहीत हे कळल्यावर, ज्यात डोळ्यांपेक्षा कानांचे काम जास्त अशी विद्या शिकवावी असे ठरले. ती विद्या म्हणजे गायन.

इथे आपण शिक्षकांनी जरा थांबून विचार करावा. आज आपल्या वर्गात एखादे मूल दिसत नाही म्हणून मागे पडते, तेव्हा आपण त्याच्यापुढे दुसरा कोणता रस्ता ठेवतो?

मिरजेतले गुरुगृह

मिरजेला पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची गायकी शिकण्यासाठी त्यांनी तरुणपणी फार हाल सोसले होते आणि ती गायकी महाराष्ट्रात आणली होती. विष्णू त्यांच्याकडे सुमारे नऊ वर्षे राहिला. गुरूच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे, गुरू सांगतील तेव्हा शिकायचे. पाठ्यपुस्तक नाही, वेळापत्रक नाही, परीक्षा नाही. गुरूने एक ओळ म्हणायची, शिष्याने ती तशीच म्हणायची. चूक झाली की पुन्हा. शंभर वेळा, दोनशे वेळा.

ही पद्धत वाईट होती असे मी म्हणणार नाही. तिच्यातून फार मोठे गवई तयार झाले. पण तिच्यात एक मोठा धोका होता. बंदिश, म्हणजे रागातली बांधलेली रचना, फक्त गुरूच्या स्मरणात असायची. गुरूला शिष्य मिळाला नाही, किंवा मिळूनही गुरूने हात राखून शिकवले, तर गुरूबरोबर ती बंदिशही जायची. परत आणण्याचा काहीच उपाय नव्हता.

दुसरी गोष्ट मानाची. त्या काळी गाणाऱ्याला राजवाड्यात बक्षीस मिळे, पण समाजात मान मिळत नसे. असे सांगतात की मिरजेच्या एका समारंभाचे आमंत्रण विष्णूला आले, पण त्याच्या गुरूंना आले नाही. गवयाला कशाला बोलवायचे, असा लोकांचा विचार होता. हे त्याच्या मनाला फार लागले. १८९६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी मिरज सोडली.

प्रवास आणि लाहोरची शाळा

मिरजेहून सातारा, बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब असा हा प्रवास झाला. सोबत एक-दोन साथीदार आणि तंबोरे. दरबारात गायले तरी दरबारी गवयाची नोकरी त्यांनी धरली नाही. उलट त्यांनी सामान्य लोकांसाठी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. चार आणे, आठ आणे देणारा माणूसही शास्त्रीय गाणे ऐकू शकतो, ही तेव्हा नवीनच गोष्ट होती.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. लक्षात घ्या, माणूस कुरुंदवाडचा आणि शाळा काढली लाहोरला. भाषा वेगळी, माणसे अनोळखी. शाळा राजाच्या खजिन्यावर नव्हे तर लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालवायची होती. सुरुवातीला कित्येक दिवस एकही विद्यार्थी आला नाही. पंडितजी मात्र रोज ठरलेल्या वेळी तंबोरा जुळवून वर्गात बसत, असे सांगतात. पटसंख्येची काळजी आपल्यालाच आहे असे नाही, पाहा!

हळूहळू विद्यार्थी आले. मुलींसाठी वेगळे वर्ग झाले. वर्षवार अभ्यासक्रम ठरला, परीक्षा सुरू झाल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे उपदेशक वर्ग सुरू झाला. यात निवडक मुलांना जवळ ठेवून, राहण्या-जेवणाची सोय करून, कित्येक वर्षे शिकवायचे आणि त्यांनी पुढे गावोगावी जाऊन संगीत शिकवायचे. म्हणजे ही संगीताची अध्यापक शाळाच झाली की नाही?

स्वर कागदावर कसे आले

शाळा म्हटली की पाठ्यपुस्तक आले. पण गाण्याचे पुस्तक लिहायचे कसे? शब्द लिहिता येतात, चाल कशी लिहायची?

हा प्रश्न सोडवणारे पलुस्कर एकटे नव्हते. बडोद्याला मौलाबक्ष यांनी त्यांच्या आधीच स्वर लिहिण्याची पद्धत तयार केली होती आणि १८८६ मध्ये तिथे सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा सुरू झाली होती. मुंबईत पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) हेही त्याच कामाला लागले होते. पलुस्करांनी आपली स्वतंत्र स्वरलिपी बनवली. सा रे ग म प ध नी ही अक्षरे, कोमल आणि तीव्र स्वरांना खुणा, मंद्र आणि तार सप्तकाला खुणा, आणि प्रत्येक स्वर किती मात्रा धरायचा हे दाखवणारे चिन्ह त्या स्वराखाली. एक मात्रा, अर्धी मात्रा, पाव मात्रा, सगळे वेगळे.

ही पद्धत फार काटेकोर होती आणि त्यामुळे थोडी अवघडही. भातखंड्यांची पद्धत लिहायला-वाचायला सोपी पडते, म्हणून पुढे तीच जास्त पसरली. पण हेतू दोघांचा एकच होता. जे एका गळ्यात आहे ते पुस्तकात उतरवायचे.

अशी चिन्हे नेहमीच्या छापखान्यात नव्हती. म्हणून पंडितजींनी संस्थेचा स्वतःचा छापखाना काढला. संगीत बालप्रकाश, राग प्रवेश अशी क्रमिक पुस्तके निघाली. संगीतामृत प्रवाह नावाचे मासिकही काढले. ज्या माणसाला स्वतःला डोळ्यांनी वाचणे कठीण होते, त्याने दुसऱ्यांना गाणे वाचता यावे म्हणून छापखाना उभा केला. मुलांना हे नक्की सांगा.

आता थोडे आजचे : पॅच आणि मिडी फाइल

आता कीबोर्डकडे येऊ. मिडी ही पद्धत १९८३ मध्ये आली. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये आणि संगणक यांनी एकमेकांशी एकाच भाषेत बोलावे म्हणून ती केली. मिडी फाइलमध्ये आवाज नसतो, हे पहिले लक्षात ठेवा. त्यात फक्त सूचना असतात. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. प्रत्येक पट्टीला ० ते १२७ पैकी एक क्रमांक आहे. मधली पांढरी एक म्हणजे ६०, तिच्या शेजारची काळी एक म्हणजे ६१. आहे ना ही स्वरलिपीच? एक माणूस वाचतो, दुसरी यंत्र वाचते, एवढाच फरक.

मग आवाज कोणता वापरायचा? १९९१ मध्ये १२८ आवाजांची एक सामाईक यादी ठरली. त्यात १०५ वा आवाज सतारीचा आहे. फाइलमध्ये फक्त हा क्रमांक लिहिलेला असतो. पण तुम्ही स्वतः खटपट करून एखादा आवाज बनवला असेल, तर तो त्या यादीत नाही. तो फक्त तुमच्या कीबोर्डच्या स्मरणात आहे. बऱ्याच जुन्या सिंथेसायझरमध्ये हे स्मरण एका छोट्या बॅटरीवर टिकते. बॅटरी संपली की आवाज गेला. गुरूबरोबर बंदिश जावी तसेच हे!

यावर उपाय आहे. पॅचची सगळी माहिती सिस्टीम एक्सक्लुझिव्ह नावाच्या मिडी निरोपातून बाहेर पाठवता येते. तुमच्या सिंथेसायझरमध्ये ही सोय असेल तर असे करा :

१. कीबोर्ड संगणकाला जोडा. यूएसबी वायर चालते. जुनी मिडी वायर असेल तर जाण्याची आणि येण्याची अशा दोन वायरी लागतात.
२. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मिडी ट्रॅक उघडा. ऑडिओ ट्रॅक नको. काही सॉफ्टवेअर हे निरोप गाळून टाकतात, तेव्हा ते स्वीकारण्याचा पर्याय सुरू आहे ना, हे सेटिंगमध्ये पाहा.
३. रेकॉर्ड दाबा आणि मग कीबोर्डवरून माहिती पाठवा. या सोयीला बहुतेक ठिकाणी बल्क डंप किंवा डेटा डंप म्हणतात. मिडी वायरचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट एवढाच आहे, त्यामुळे माहिती जास्त असेल तर काही सेकंद लागतात. घाई करू नका.
४. थांबवा आणि मिडी फाइल म्हणून जतन करा. नावात कीबोर्डचे मॉडेल आणि तारीख लिहा.
५. परत आणायचे तेव्हा तोच ट्रॅक कीबोर्डकडे वाजवा. स्पीकरमधून काही ऐकू येणार नाही, पण पॅच कीबोर्डमध्ये परत येईल. त्या जागी आधी असलेला आवाज मात्र पुसला जाऊ शकतो, म्हणून तो आधी जपून ठेवा.

गाण्याच्या फाइलमध्येच हा पॅच ठेवायचा असेल तर सुरुवातीला एक-दोन आवर्तने रिकामी सोडा आणि माहिती तिथे ठेवा. नाहीतर आवाज पोहोचण्याआधीच गाणे सुरू होईल. आणखी एक गोष्ट, या निरोपावर कंपनीचा क्रमांक असतो. एका मॉडेलचा पॅच सहसा दुसऱ्या मॉडेलला कळत नाही.

शेवटच्या मुद्द्याकडे परत बघा. सूचना कुठल्याही कीबोर्डला कळतात, पण आवाज मात्र ज्याचा त्याचाच. स्वरलिपीचेही असेच आहे. दरबारी कानड्यातला कोमल गंधार कागदावर इतर रागांच्या कोमल गंधारासारखाच दिसतो. पण गाताना तो ज्या संथपणे आंदोलित होतो, ते पुस्तकातून येत नाही. त्यासाठी समोर गुरू लागतो. पलुस्करांना हे पक्के माहीत होते. म्हणून त्यांनी नुसती पुस्तके छापली नाहीत, उपदेशक वर्गही चालवला. चाल पुस्तकात ठेवली आणि गायकी शिष्यांच्या गळ्यात.

मुंबई, कर्ज आणि नाशिक

१९०८ मध्ये पंडितजींनी मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. विद्यार्थी वाढले. सँडहर्स्ट रोडवर संस्थेची मोठी इमारत उभी राहिली. त्यासाठी कर्ज काढले होते. कर्ज फेडायला गावोगाव मैफली करायच्या, पैसे आणायचे, पुन्हा हप्ता. इकडे संस्थेचा रोजचा खर्च होताच. त्याच काळात त्यांचा ओढा रामभक्तीकडे वाढत गेला आणि मैफलींऐवजी ते रामायणावर प्रवचने करू लागले. कर्ज फिटले नाही. १९२४ मध्ये सावकारांनी इमारतीचा लिलाव केला.

ज्या माणसाने विसाहून जास्त वर्षे शाळेसाठी घालवली, त्याच्या डोळ्यांदेखत शाळेची इमारत गेली. घरातही सुख नव्हते. त्यांची अनेक मुले लहानपणीच दगावली. १९२१ साली जन्मलेला दत्तात्रय तेवढा जगला.

इमारत गेल्यावर ते नाशिकला आपल्या रामनाम आधाराश्रमात राहिले. भगवी वस्त्रे, रामनाम आणि गाणे. सोबत काही शिष्य आणि छोटा दत्तात्रय. म्हणजे आपल्या नाशिकने पंडितजींना पाहिले ते त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या काळात, वैभव गेल्यानंतर. रामाच्या या गावात त्यांचे मन रमले.

याआधीपासून ते काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गात असत. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्षांनी गाण्याला हरकत घेतली, तरी त्यांनी ते पूर्ण गायले. रघुपती राघव या धुनेची प्रचलित चाल त्यांचीच मानली जाते. त्यांचे शिष्य पं. नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात प्रार्थना शिकवत आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते गांधीजींबरोबर चालले.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला पंडितजींचे निधन झाले. वय ५९ वर्षे.

मागे काय राहिले

आता हिशोब करा. इमारत नाही, पैसा नाही, आणि घरात दहा वर्षांचा मुलगा. वडिलांची सगळी गायकी त्याला मिळायची होती आणि वडीलच गेले. जुन्या रीतीप्रमाणे पाहिले तर त्या घरातले गाणे तिथेच संपायला हवे होते.

पण ते संपले नाही. पं. विनायकराव पटवर्धन आणि पं. नारायणराव व्यास या वडिलांच्या शिष्यांनी दत्तात्रयाला शिकवले. वडिलांनी जे दुसऱ्यांच्या मुलांना मोकळेपणाने दिले होते, ते त्या मुलांनी त्यांच्या मुलाला परत दिले. पुढे तोच मुलगा पं. द. वि. पलुस्कर म्हणून देशभर गाजला. बैजू बावरा या १९५२ च्या चित्रपटातली उस्ताद अमीर खाँ यांच्याबरोबरची त्यांची जुगलबंदी आजही लोक ऐकतात. दुर्दैवाने १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तेही गेले.

बाकीचे शिष्यही कामाला लागले होते. १९३१ मध्येच शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. १९३२ मध्ये विनायकरावांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. पं. ओंकारनाथ ठाकूर बनारस हिंदू विद्यापीठात संगीत शिकवू लागले. प्रा. बी. आर. देवधर यांनी मुंबईत शाळा चालवली, तिथे कुमार गंधर्व शिकले. आज आपली मुले प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देतात त्या याच मंडळाच्या. तुमच्या गल्लीतल्या गायन क्लासपर्यंत लाहोरचा तो वर्ग असा पोहोचला आहे.

वर्गात काय करता येईल

शिक्षक मित्रांनो, एवढे वाचून मुलांकडून हे उपक्रम करून घेता येतील.

पहिला, चाल लिहा. परिपाठातल्या एका प्रार्थनेचे पहिले कडवे हार्मोनियमवर वाजवून सा रे ग म मध्ये फळ्यावर लिहा. पाचवीच्या मुलांना हे जमते. मग दुसऱ्या वर्गाला फक्त ते लिखाण देऊन वाजवायला सांगा. काय जुळले, काय सुटले, यावर बोला.

दुसरा, घरचे गाणे. आजीची जात्यावरची ओवी, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरची लग्नातली गाणी, गावच्या भजनी मंडळाची चाल. यांतले एक गाणे मुलांनी मोबाइलवर रेकॉर्ड करायचे, शब्द वहीत लिहायचे, आणि स्वतः शिकून वर्गात म्हणायचे. तिन्ही गोष्टी करा. नुसते रेकॉर्डिंग मोबाइलबरोबर जाते आणि नुसती वही मुकी राहते.

तिसरा, शाळेचा कीबोर्ड. बनवलेले पॅच आणि गाण्यांच्या मिडी फाइल पेनड्राइव्हवर आणि शाळेच्या संगणकावर अशा दोन जागी ठेवा. आणि ते परत कसे आणायचे हे एका तरी मुलाला शिकवून ठेवा. आपली बदली होते, मुले गावातच असतात.

पालकहो, तुमच्यासाठी एकच विनंती. घरात कोणी म्हातारे माणूस जुनी चाल गुणगुणत असेल तर या दिवाळीच्या सुट्टीत मुलाला त्यांच्याजवळ बसवा. त्या गळ्यात जे आहे ते दुसरीकडे कुठेही साठवलेले नाही.

लेख उपयोगी वाटला तर आपल्या केंद्रातल्या शिक्षकांना जरूर पाठवा.